खेळाडू कोणाचा?

गेल्या कार्तिकात, सोयाबीन विकून झालेले आणि तूर अजून शेतात उभी, अशा मोकळ्या दिवसांत वाशीमजवळच्या एका खेड्यातील शेतकरी गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांचा मुलगा शाळेत काही वर्षे माझ्या हाताखाली होता. तो आता एकोणीस वर्षांचा आहे आणि फुटबॉल खेळतो. नागपूरच्या एका क्लबाने त्याला बोलावले होते. गोल होत राहिले तर दोन-तीन वर्षांत गोवा, कोलकाता, आणि नशिबाने साथ दिली तर परदेशही दिसेल, अशी गोड भर त्या बोलावण्यात कोणीतरी घातली होती. गृहस्थांची परवानगी द्यायला ना नव्हती. अडत होते ते एका शब्दावर. चहाचा पेला खाली ठेवून ते म्हणाले, ‘‘सर, पोरगं खेळते ते ठीक हाये. पन पेपरात लिहून येते, अमका इतक्या कोटीत विकल्या गेला. विकल्या गेलं तं मंग पोरगं कोनाचं?’’

मी त्या वेळी काहीतरी समाधानकारक उत्तर देऊन वेळ निभावून नेली. परंतु ते उत्तर माझ्याच मनाला पटले नाही. शिकलेल्या मंडळींना हा प्रश्न भाबडा वाटेल. आपण वर्तमानपत्रात तो शब्द रोज वाचतो आणि पान उलटतो. पण ज्याने बैलबाजारात कासरा दुसऱ्याच्या हाती दिलेला आहे, त्याला विक्री म्हणजे काय हे आपल्यापेक्षा चांगले कळते. त्याच्या प्रश्नाचा विचार त्याच्याच गांभीर्याने करणे मला प्राप्त होते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. व्यावसायिक खेळाडू ‘विकला’ जातो तेव्हा देह विकला जात नाही, हे उघड आहे. क्लब आणि खेळाडू यांच्यात काही वर्षांचा करार असतो. तो पुरा होण्याआधी दुसऱ्या क्लबाला तो खेळाडू हवा असेल, तर उरलेल्या मुदतीवर पाणी सोडण्याबद्दल पहिल्या क्लबाला मोबदला द्यावा लागतो. वर्तमानपत्रात येणारा मोठा आकडा बहुधा या मोबदल्याचा असतो. खेळाडूची स्वतःची संमती त्याला लागते आणि त्याचे वेतन निराळे ठरते. इतके सांगून वकील थांबेल. पण हा कायद्याचा नितळपणा फार जुना नाही. १९६१ पर्यंत इंग्लंडमध्ये कितीही निष्णात फुटबॉलपटूला आठवड्याला वीस पौंडांहून अधिक वेतन देता येत नसे. त्याहून वाईट म्हणजे कराराची मुदत संपल्यावरही क्लबाने त्याला मोकळे केले नाही, तर त्याने दुसरीकडे खेळायचे नाही आणि पहिल्या ठिकाणी न खेळल्यास पगारही मागायचा नाही, अशी रीत होती. जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूने न्यूकॅसल क्लबाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, तेव्हा १९६३ मध्ये ही रीत अन्याय्य ठरली. तरीही युरोपात मुदत संपलेल्या खेळाडूबद्दल पैसे मागण्याची प्रथा चालूच राहिली. ती मोडली बेल्जियमच्या झां-मार्क बोसमन याने, युरोपीय न्यायालयाच्या डिसेंबर १९९५ च्या निकालाने. त्या निकालाने त्याच्या मागून आलेले शेकडो खेळाडू श्रीमंत झाले. तो स्वतः मात्र खटल्याच्या वर्षांत आपला खेळ गमावून बसला आणि पुढे हलाखीत दिवस काढू लागला. मार्ग मोकळा करणारा त्या मार्गाने क्वचितच जातो.

तेव्हा आमच्या शेतकरी गृहस्थांची शंका अगदीच अस्थानी नव्हती. फार काळ लोटला नाही, कासरा खरोखरच क्लबाच्या हातात होता. आज तो खेळाडूच्या हाती आला आहे, निदान कागदावर. पण कासरा हाती आला म्हणजे प्रश्न संपतो असे नाही. उलट तेथेच तो नैतिक प्रश्न होतो. विकला जाणारा बैल कोणाचा, हे बाजार ठरवतो. स्वतःच स्वतःचे कसब विकणारा मनुष्य कोणाचा, हे कोणी ठरवायचे?

येथे एक जुना आक्षेप आडवा येतो. खेळ हा आनंदाचा, मानाचा. त्याचे पैसे घेतले की तो बाटला, असे मानणारे सुसंस्कृत लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. ‘भाडोत्री’ हा शब्द आपण किती सहज उच्चारतो! हा सोवळेपणा आपण मुख्यतः इंग्रज सद्गृहस्थांकडून उसना घेतला, आणि ज्याच्या घरी इस्टेटीचे उत्पन्न येत असे त्यालाच तो परवडत होता. खुद्द इंग्लंडमध्ये गिरणीकामगारांच्या गावांनी हट्ट धरल्यावर १८८५ मध्ये फुटबॉलच्या संघटनेला पैसे घेऊन खेळण्यास मान्यता द्यावी लागली. शनिवारची रोजी बुडवून जो खेळतो त्याची भरपाई करणे हा भ्रष्टाचार, आणि वडिलार्जित पैशावर खेळणे हा शुद्धपणा, हे तर्कशास्त्र त्या कामगारांच्या गळी उतरले नाही. माझ्याही उतरत नाही.

आमच्या वाशीमचीच गोष्ट घ्या. हे गाव एके काळी वत्सगुल्म नावाने वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते. त्या घराण्यातील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे करवून दिले. देणगी देणाऱ्याचे नाव तेथील लेखात आहे. ज्यांनी तो कातळ फोडला, ज्यांनी भिंतींवर रंग चढविला, ते कोठून आले, कोणत्या दराने राबले, काम संपल्यावर कोणत्या राजाकडे गेले, याची नोंद नाही. ते मजुरी घेऊन आले असतील हे मात्र मानायला हरकत नाही. आणि अजिंठ्याच्या भिंतीपुढे उभे राहून ‘हे भाडोत्री हातांचे काम’ असे म्हणणारा अरसिक अजून मला भेटलेला नाही. गवयी दरबार बदलीत, मल्ल संस्थान बदलीत. कसबाला दाम मिळाला म्हणून कसब हलके होत नाही. हलके होते ते दामापुढे कसब विसरल्याने, आणि ते तर सरकारी कचेरीतही होते.

हा आक्षेप दूर केला तरी दुसरा उरतो, आणि तो खरा अवघड आहे. अजिंठ्याच्या चित्रकाराला कोणी ‘आमचा’ म्हणून डोक्यावर घेतले नव्हते. खेळाडूला घेतात. त्याने गोल केला की सबंध गाव, सबंध देश स्वतः गोल केल्यासारखा नाचतो. त्यातही आघाडीच्या खेळाडूचे, ज्याला हल्ली स्ट्रायकर म्हणतात त्याचे, नशीब विलक्षण. दहा जणांनी चेंडू येथवर आणलेला असतो. अखेरचा स्पर्श त्याचा. त्याच्या आयुष्याचा हिशेब एकाच आकड्यात होतो, आणि तो आकडा शाळकरी पोरालाही समजतो. बचावपटूच्या गुणावर वाद घालता येतो. याच्याबाबतीत वादाला जागाच नाही. म्हणून परक्या देशात गेलेल्या आघाडीच्या गड्यावर प्रेमाचा पहिला वर्षाव होतो आणि संशयाचा पहिला दगडही त्याच्यावरच पडतो.

परक्या देशात म्हटल्यावर आपले डोळे तत्काळ युरोपाकडे लागतात. पण या प्रश्नाची परीक्षा आपल्या अंगणातच होऊन गेली आहे. नायजेरियाचा रँटी मार्टिन्स २००४ मध्ये गोव्याच्या धेंपो क्लबाकडे आला आणि २०१२ पर्यंत तेथे राहिला. त्या आठ वर्षांत धेंपोने राष्ट्रीय पातळीवरील अजिंक्यपद पुनःपुन्हा मिळविले आणि त्यातील गोलांचा मोठा वाटा याचा होता. ब्राझीलचा होझे बारेटो मुंबईत महिंद्र युनायटेडकडून खेळला, त्याआधी व नंतर कोलकात्यात मोहन बागानच्या चाहत्यांचा तो लाडका होता. ही माणसे आपल्या दृष्टीने ‘परदेशी’. त्यांच्या दृष्टीने परदेश म्हणजे आपण. लागोस किंवा ब्राझीलमधील कोण्या बापाने आपल्या मुलाविषयी हाच प्रश्न शेजाऱ्याला विचारला असेल. आपण त्याचे काय उत्तर दिले? गोल होत होते तोवर प्रेमाने दिले. गोल थांबल्यावर आपल्या गॅलऱ्यांतून जे शब्द ऐकू येतात, त्यांना उत्तर म्हणायचे की नाही हे वाचकांनीच ठरवावे. आपला मुलगा परक्या मैदानावर उभा राहील तेव्हा त्याला कसे वागविले जावे असे आपल्याला वाटते, याचा पडताळा आपल्या मैदानावरच्या परक्या मुलाला आपण कसे वागवितो त्यावरून घेता येतो.

आता आपल्याकडून गेलेल्यांकडे वळू. ही यादी लहान आहे, आणि लहान का आहे याची कारणे केवळ पायांत नाहीत. १९९९ मध्ये भाईचुंग भुतिया इंग्लंडमधील बरी क्लबाकडे गेला. तेथे तीन हंगामांत त्याच्या नावावर लीगचे तीन गोल लागले, आणि दुखापतीने त्याचा पुष्कळ काळ खाल्ला. २००९ मध्ये सुनील छेत्रीने लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सशी करार केला. परंतु इंग्लंडच्या सरकारने परवाना दिला नाही. कारण काय? ज्याचा देश जागतिक क्रमवारीत पहिल्या सत्तरांत नाही त्याला परवाना नाही, असा तेव्हाचा नियम. त्याच्या पायाची परीक्षा झालीच नाही; परीक्षा झाली ती त्याच्या देशाची, आणि अनुत्तीर्ण मात्र तो झाला. पुढे तो २०१० मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीकडे व २०१२ मध्ये पोर्तुगालमध्ये स्पोर्टिंग क्लबाच्या दुसऱ्या संघात गेला. दोन्ही मुक्काम अल्प ठरले, आणि लिस्बनहून परत येऊन तो गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडून खेळला. दक्षिण गोव्यातील असोळण्याचा रोमिओ फर्नांडिस २०१५ मध्ये ब्राझीलच्या अ‍ॅथलेटिको परानेन्से क्लबात गेला. फुटबॉलच्या माहेरी जाऊन पहिल्या श्रेणीच्या संघातून मैदानावर उतरण्याचा मान त्याने मिळविला. पण तोही काही महिन्यांत परतला.

आणि मग कोल्हापूरचा अनिकेत जाधव. कोल्हापुरात फुटबॉल तालमींच्या आश्रयाने वाढला. जेथे एके काळी केवळ लाल मातीत अंग मळत असे त्या तालमींच्या नावाने आज गल्लोगल्ली संघ आहेत, आणि पाटाकडील तालीम व दिलबहार यांच्या सामन्याला शाहू स्टेडियममध्ये जी गर्दी लोटते ती पाहून परगावचा मनुष्य थक्क होतो. त्या शहराचा हा मुलगा पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झाला, २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीला खेळला, आणि २०१९ मध्ये तीन महिन्यांच्या सरावासाठी इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लबात राहून आला. तीन महिन्यांनी तो परत आला व येथील लीगमध्ये खेळू लागला.

या कथेतील विनोद, किंवा विषाद, असा की तो ब्लॅकबर्न क्लब ज्यांच्या मालकीचा, ते पुण्याचे. कुक्कुटपालनाच्या व्यवसायात नाव मिळविलेल्या वेंकीज कंपनीने नोव्हेंबर २०१० मध्ये तो विकत घेतला. ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधील जुन्या कापडगिरण्यांचे गाव. १९९५ मध्ये तेथील संघ इंग्लंडचा विजेता होता. नव्या मालकांच्या अमदानीत २०१२ मध्ये तो खालच्या श्रेणीत घसरला, आणि चिडलेल्या प्रेक्षकांनी चालू सामन्यात क्लबाचे निशाण गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. क्लबाचे मालक पुण्याचे, पण कोल्हापूरच्या मुलाला तेथे तीन महिन्यांच्या पाहुणचारापलीकडे जागा नाही! मी मालकांना दोष देत नाही. गुणांवाचून नात्यागोत्याने जागा मिळावी असे मी म्हणणार नाही, आणि परवान्याचा नियम पुणेकर मालकाच्याही हातात नाही. पण या एका उदाहरणात आजच्या जगाची रीत उघडी पडते. पैसा सीमा ओलांडतो तेव्हा त्याला कोणी विचारत नाही, तू कोणत्या क्रमांकाच्या देशातून आलास. पाय ओलांडू लागले की विचारतात.

मग खेळाडूवर हक्क कोणाचा? या बाबतीत मला १९५२ च्या उन्हाळ्यातील एक क्रिकेटची गोष्ट नेहमी आठवते. सांगलीच्या विजय हजाऱ्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला जायचा होता. विनू मंकड यांना लँकेशायर लीगमधील हॅस्लिंग्डन क्लबाने पैसे देऊन बोलाविले होते. त्यांनी आपल्या मंडळाला विचारले, की मला संघात घेणार याची हमी देता का. देत असाल तर मी तो करार करीत नाही. मंडळाने हमी दिली नाही. मंकड करारावर सही करून मोकळे झाले. मग लीड्सच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात शून्य धावांवर चार गडी बाद, अशी दशा झाली, आणि ज्यांनी हमी नाकारली त्यांनाच हॅस्लिंग्डनकडे मंकडांची मागणी करावी लागली. लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा काढल्या व एका डावात पाच बळी घेतले. सामना भारताने गमावला तो निराळा. ‘देशासाठी’ या शब्दाचा अधिकार येथे कोणाला होता? ज्याने आधी विचारले त्याला, की ज्यांनी आधी नाकारले त्यांना? मला वाटते, कर्तव्य ज्याने केले त्यालाच हक्क सांगता येतो. गावाने मुलाला मैदान दिले, बूट दिले, दुखऱ्या गुडघ्याला वैद्य दिला, तर गावाने ‘आमचा’ म्हणावे. काहीच दिले नसेल, तर तो मोठा झाल्यावर वेशीवर कमान उभारून त्याच्यावर मालकी सांगणे ही एक प्रकारची फुकटेगिरीच होय.

उलट, दिले त्याचे ऋण असते, हेही तितकेच खरे. खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठविण्यासाठी लोकांनी वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी सात हजार रुपयांसाठी स्वतःचे घर गहाण टाकले. खाशाबांनी १९५२ मध्ये ब्राँझपदक आणले तेव्हा बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. तिला तो अधिकार होता. सरकारला मात्र अर्जुन पुरस्काराची आठवण २००० साली झाली, खाशाबांना जाऊन सोळा वर्षे लोटल्यावर. खर्डेकरांसारखा मनुष्य प्रत्येक गावाला लाभत नाही म्हणून की काय, फुटबॉलच्या जागतिक संघटनेने या ऋणाचा हिशेबच नियमात बांधला आहे. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात मोबदला घेऊन गेला, की त्या रकमेतील शेकडा पाच हिस्सा त्याला बारा ते तेवीस या वयात ज्या ज्या क्लबांनी शिकविले त्यांच्यात वाटायचा. बारा ते पंधरा या वयाच्या प्रत्येक वर्षाला पाव टक्का, पुढील प्रत्येक वर्षाला अर्धा टक्का. उपकाराचे इतके बारीक मोजमाप पाहून हसू येते. तरी मोजमापच नसण्यापेक्षा ते बरे. अठरा वर्षांखालच्या मुलाला, थोडे अपवाद सोडून, देशाबाहेर न्यायचे नाही असाही नियम आहे, आणि तो मला या सर्वांत अधिक शहाणपणाचा वाटतो.

या ‘शेकडा पाच’वरून महमद सलीमची हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. कोलकात्याच्या महमेडन स्पोर्टिंगचा हा उजव्या बगलेचा आघाडीचा खेळाडू १९३६ मध्ये बोटीने ग्लासगोला गेला. त्याच वर्षी आमच्या वऱ्हाडातील हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक अमरावतीहून बर्लिनला आपले देशी खेळ दाखवायला गेले होते. त्या काळी समुद्र ओलांडण्याच्या अशाही तऱ्हा होत्या. सेल्टिक क्लबाच्या राखीव संघात सलीम दोन सामने खेळला, तेही अनवाणी, पायांना पट्ट्या गुंडाळून. स्कॉटलंडचे लोक वेडे झाले. क्लबाला तो हवा होता. त्याला ठेवून घेण्यासाठी एक सामना भरवून उत्पन्नाचे शेकडा पाच देऊ केले, तेव्हा त्याने ती रक्कम अनाथ मुलांना द्या म्हणून सांगितले, असे सांगतात. आणि रक्कम लहानसहान नव्हती. तरी तो राहिला नाही. कारण एवढेच, की त्याला घरची आठवण येत होती. या मनुष्याला कोणी विकत घेऊ शकले नाही म्हणून त्याची स्तुती करण्याचा मोह होतो. पण तो राहिला असता तर मी त्याला कमी मानले असते काय? तसे वाटत नाही. त्याने जाणे निवडले होते, परतणेही त्यानेच निवडले. दोन्ही वेळा कासरा त्याच्याच हातात होता, आणि मला मोलाचे वाटते ते इतकेच.

आमच्या जिल्ह्याला बाहेर जाणे नवे नाही. १९९८ मध्ये अकोल्यापासून निराळा झालेला हा जिल्हा देशातील मागास, म्हणजे सरकारी भाषेत ‘आकांक्षित’, जिल्ह्यांच्या यादीत २०१८ मध्ये गणला गेला. मानोऱ्याकडच्या तांड्यांतून दर वर्षी माणसे ऊसतोडीला आणि पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर जातात. त्यांच्या श्रमाला ‘विकले गेले’ असा शब्द कोणी वापरीत नाही, कारण त्यांचा भाव वर्तमानपत्रात छापून येत नाही. कोयता घेऊन गेलेला परत येईल की नाही याची चौकशी आपण करीत नाही; चेंडू घेऊन निघालेल्याच्या निष्ठेची मात्र करतो. आमच्या गृहस्थांनी केली तिचे मला वाईट वाटले नाही. ते बाप आहेत. इतरांनी करावी याचे थोडे वाटते.

संक्रांतीच्या सुमारास मी त्यांच्या गावी गेलो. मुलगा नागपूरला निघून महिना झाला होता. ओसरीवर बसून मी त्यांना वरील बहुतेक गोष्टी माझ्या परीने समजावून सांगितल्या. सलीमच्या हकीकतीवर ते काही बोलले नाहीत. शेकडा पाचाचा नियम मात्र त्यांनी दोनदा विचारून घेतला.

‘‘म्हंजे ज्यानं शिकवलं त्या किलबाले पैशे भेटतात?’’

‘‘होय.’’

‘‘आन् बापाले?’’

‘‘बापाला त्या नियमात जागा नाही.’’

ते थोडे हसले. मग आत जाऊन एक जुनी वही घेऊन आले. तीत बी-बियाण्याच्या आणि फवारणीच्या हिशेबाखाली एका कोऱ्या पानावर मुलाचे नाव होते, आणि त्याखाली बुटांचे दोन जोड, एसटीचे भाडे, नागपूरच्या खोलीची अनामत, असे आकडे मांडलेले होते. बेरीज केलेली नव्हती. मी विचारले तेव्हा म्हणाले, ‘‘ते कराची नसते, सर. नुस्तं लिहून ठेवाचं.’’